एंजल अंडी खातात म्हणून जोडी बदलायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३ फुटी टँक, त्यात एंजल माशांची एक जोडी, वय साधारण वर्षभर, सोबत ८ निऑन, ४ कोरी (तळाशी फिरणारे छोटे मासे) आणि एक सकर (काचेला, पाइपला तोंडाने चिकटून चाटणारा). दर १२-१५ दिवसांनी फिल्टरच्या पाइपवर अंडी घालतात आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर पाइप साफ. असं पाच वेळा झालं. पहिल्या दोन-तीन वेळा अंडी पांढरी पडली होती, शेवटच्या वेळी आत काळे ठिपके दिसले होते. पीएच ७.८. आता जोडी बदलू, पीएच कमी करायचं औषध टाकू, की अंडी काढून वेगळी उबवू, असं विचारलंय.

ते काळ्या ठिपक्यांचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय पण निम्मं उत्तर त्यातच आहे. काळे ठिपके म्हणजे आत पिल्लू तयार होतंय, म्हणजे अंडं फळलंय, म्हणजे तुमच्याकडे खरोखरच एक नर आणि एक मादी आहे आणि नर कामाचा आहे. हे वाटतं तेवढं गृहीत धरायची गोष्ट नाहीये बरं का. एंजलमध्ये दोन माद्या सुद्धा जोडी जमवतात, जागा साफ करतात, आळीपाळीने अंडी घालतात, पंखांनी वारा घालत राखण पण करतात, आणि सगळी अंडी २४ तासांत पांढरीफटक. माझी पहिली "जोडी" अशीच होती, जवळजवळ आठ महिने मी पाणी बदल, खाणं बदल, टेंपरेचर बदल असले उद्योग करत बसलो आणि शेवटी एका संध्याकाळी दोघींना पाठोपाठ अंडी घालताना बघितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. अंडी घालायच्या आसपास पोटाखाली छोटी नळी बाहेर येते, तिच्यावरून ओळखता येतं, मादीची जाड आणि टोकाला बोथट, नराची बारीक आणि टोकदार. बाकी डोक्याचा आकार, अंगाचा आकार यावरून एंजलचे नर-मादी सांगणारे पुष्कळ भेटतात, मी त्यांच्याशी वाद घालत नाही पण विश्वासही ठेवत नाही.

तर जोडी बदलायची नाही. उलट तुमची जोडी सुधारतेय, पहिल्या खेपा पांढऱ्या आणि पाचवी फळलेली, हा अगदी नेहमीचा क्रम आहे. कोवळ्या जोडीला जमायला वेळ लागतो, मादी अंड्यांची ओळ घालून पुढे सरकते आणि नराने लगेच तिच्या मागून जायचं असतं, नवखा नर उशीर करतो किंवा त्या वेळी निऑनला हाकलायला गेलेला असतो. तेवढ्यात ती ओळ वाया. मी नवीन जोडीच्या पहिल्या चार-पाच खेपा हिशोबातच धरत नाही.

आता "खातात" हा शब्द जरा सोडवून बघू, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जातात.

एक म्हणजे मेलेली, पांढरी अंडी वेचून खाणं. हे चांगलं लक्षण आहे. पांढऱ्या अंड्यावर बुरशी धरते आणि ती कापसासारखी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते, त्यामुळे जे आईबाप वेचून साफ करतात ते काम बरोबर करतायत. सगळीच पांढरी असतील तर सगळीच खाणार, त्यात त्यांची काय चूक. तुमच्या पहिल्या खेपा याच प्रकारात गेल्या असणार.

दुसरं म्हणजे जागा बदलणं. एंजलची अंडी २८ डिग्रीला साधारण अडीच दिवसांत फुटतात. फुटली की पिल्लं लगेच पोहत नाहीत, डोक्याजवळच्या चिकट द्रवाने त्याच जागी चिकटून शेपट्या वळवळवत राहतात आणि आईबाप त्यांना तोंडात घेऊन दुसऱ्या पानावर, काचेवर, कुठल्यातरी कोपऱ्यात नेऊन चिकटवतात. दिवसातून दोन-तीनदा सुद्धा. नवखा माणूस बघतो की मासा पिल्लू तोंडात घेतोय, ओरडतो "खाल्लं!" आणि जाळी घेऊन धावतो, आणि मग खरंच खातात. तुमची शेवटची खेप तिसऱ्या सकाळी गेली असेल, तर तेव्हा तुम्ही फक्त पाइप बघितला की पानांची खालची बाजू, मागची काच, हीटरच्या मागे असं सगळं बघितलं? शक्यता कमी आहे, पण माझ्याकडे एकदा "गेलेली" खेप दोन दिवसांनी एका रुंद पानाच्या पाठीवर वळवळताना सापडली होती म्हणून विचारतो.

या तोंडात घेण्यावरून आठवलं. कोनराड लॉरेन्झ, ज्यांना प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल १९७३ चं नोबेल मिळालं, त्यांनी ज्वेल सिक्लिडच्या (एंजलच्याच सिक्लिड कुळातला मासा) एका बापाची गंमत सांगून ठेवलीय. संध्याकाळी चुकार पिल्लं तोंडात धरून घरट्यात आणायचं काम चाललेलं, आणि त्याच्या तोंडात नेमका गांडुळाचा तुकडा. तेवढ्यात एक पिल्लू दिसलं, तेही त्याने तोंडात घेतलं. आता तोंडात दोन गोष्टी, एक गिळायची आणि एक घरी न्यायची. मासा काही क्षण जागच्या जागी थांबला, मग दोन्ही बाहेर टाकलं, पिल्लावर नजर ठेवून गांडूळ सावकाश खाल्लं आणि मग पिल्लू उचलून घरी गेला. सिक्लिड पाळणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, यांना खाणं आणि सांभाळणं यातला फरक चांगला कळतो, म्हणजे फळलेली अंडी खाल्ली तर त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं.

आणि ते तिसरं, फळलेली अंडी जाणं. तुमची खरी अडचण इथे आहे. ही अंडी एक तर दुसऱ्या कुणीतरी खाल्ली, नाहीतर "आता काही यांना वाचवता येत नाही" असं होऊन आईबापांनीच संपवली. रात्री काय होतं बघा, लाइट बंद झाला की एंजलना दिसेनासं होतं, कोरी अंधारातही फिरत असतात आणि सकरचा तर दिवस तेव्हाच सुरू होतो. दोघेही वासावर आणि चाचपून खाणारे, त्यांना अंधाराचं काही नाही. सकर तर पाइपवर चढून एका रात्रीत अख्खी खेप चाटून जातो. एंजल अंधारात धडपडतात, दुसऱ्या माशाला ढुशा मारतात आणि त्या गोंधळात अंडी वाचली तरी सकाळपर्यंत जोडी इतकी बिथरलेली असते की उरलेली तेच खाऊन टाकतात. तुमच्या प्रश्नात प्रत्येक वेळी "सकाळी" हा शब्द आलाय, म्हणून माझा पहिला संशय रात्रीवर आणि सकरवर आहे. कॅमेरा लावून बघितलेलं नाही, तेव्हा शंभर टक्के म्हणत नाही.

तपासायला सोपं आहे. पुढच्या खेपेला अंडी घातली की पहिल्या तीन रात्री टँकजवळ एक मंद दिवा चालू ठेवा, झिरोच्या बल्बइतका, टँकच्या वरचा मोठा लाइट नको. आईबापांना अंडी दिसत राहिली पाहिजेत एवढंच. नुसत्या या दिव्याने माझ्या एका जोडीचा प्रश्न सुटला होता. दुसऱ्या एकीचा नव्हता सुटला, तिथे कोरी काढाव्याच लागल्या.

तुम्हाला जमत असेल तर मी सांगेन की जोडी हलवू नका, बाकीचे मासे हलवा. जोडीने ती जागा आपली मानलीय, पाच वेळा त्याच पाइपवर अंडी घातलीयत, हा जम मोडला की पुन्हा बसायला कधी महिना पण लागतो. पण दुसरा टँक लहान असेल आणि सकर मोठा होणारा असेल (साधे सकर फूटभराच्या वर जातात, हे विकत घेताना कुणी सांगत नाही) तर उलटं करावं लागेल. मग जोडीला निदान ६० सेंमी लांब आणि ४५ सेंमी उंच टँक द्या, म्हणजे शंभर लिटरच्या आसपास, खाली वाळू-दगड काही नको, एक स्पंज फिल्टर, एक हीटर, आणि तिरकी टेकवलेली स्लेटची फरशी किंवा मोठ्या पानाची कुंडी. तीन बाजूंना बाहेरून कागद लावा. टँक ज्या वाटेवरून सतत माणसं जातात तिथे ठेवू नका, किंवा ठेवायचाच असेल तर उंचावर ठेवा, वरून येणाऱ्या सावल्यांना हे फार दचकतात.

इथे एक गोष्ट मात्र परिस्थितीवर आहे. काही जोड्या एकट्या ठेवल्या की एकमेकांवरच घसरतात. बाहेरचा शत्रू होता तोपर्यंत दोघं मिळून त्याला हाकलत होती, शत्रू गेला आणि नराने मादीलाच कोपऱ्यात दाबलं, हे मी दोनदा पाहिलंय. मधे जाळी लावून चार दिवस वेगळं केल्यावर एक जोडी पुन्हा जुळली, एक कायमची फुटली. म्हणून हलवल्यावर पहिला आठवडा लक्ष ठेवा, फाटलेले पंख दिसले आणि एकजण सतत पृष्ठभागाजवळ तिरका लपून बसला तर थांबू नका, जाळी घाला.

पीएचचं औषध. टाकू नका. अंडी ७.८ मध्ये फळलीयत हे तुम्ही स्वतः पाहिलंय ना, मग पाण्याला दोष कशाला. एंजल मूळचे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले, तिथलं पाणी मऊ आणि आम्लाकडे झुकणारं हे खरं, पण आपल्याकडे येणारे एंजल कित्येक पिढ्या टँकमध्ये वाढलेले असतात आणि मध्यम जड पाण्यातही आरामात पिल्लं काढतात. जड पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे औषध टाकलं की पीएच खाली येतो आणि दुसऱ्या दिवशी परत वर, ही वर-खाली मूळ आकड्यापेक्षा जास्त वाईट. ब्लू रॅम किंवा डिस्कस असते तर मी वेगळं बोललो असतो, त्यांची अंडी जड पाण्यात खरंच दगा देतात आणि तिथे आरओचं पाणी मिसळल्याशिवाय पर्याय नसतो. तुम्हाला पाण्यात सुधारणा करायचीच तर आठवड्याला ३० टक्के पाणी त्याच टेंपरेचरच्या पाण्याने बदला, अमोनिया आणि नायट्राइट शून्य ठेवा, बास.

आता अंडी काढून वेगळी उबवायची का. करता येतं, मी करतोही, पण मला ती दुसरी पायरी वाटते, कारण आईबापांना शिकायची संधी मिळत नाही आणि तुम्ही प्रत्येक वेळी दाई होऊन बसता. बाकीचे मासे नसलेल्या शांत टँकमध्ये, रात्रीच्या दिव्यासकट, आणखी पाच-सहा खेपा देऊन बघा. तरी फळलेली अंडी खात असतील तर त्या जोडीच्या अंगातच राखण नाही असं समजून अंडी काढायची. माझ्या बघण्यात अशा जोड्या असतात, एकच जण कुचकामी असतो आणि दुसरा बिचारा त्याला हाकलत राखण करतो असंही असतं, तेव्हा त्या एकालाच बाजूला काढलं तर दुसरा पिल्लं वाढवतो.

काढायची झाली तर पद्धत अशी. स्लेटवर अंडी असतील तर काम सोपं, पाइपवर असतील तर अवघड, म्हणून आत्ताच पाइपजवळ स्लेट टेकवून त्यांना सवय लावा. १०-१५ लिटरचा काचेचा किंवा प्लास्टिकचा डबा, त्यात त्याच टँकचं पाणी, टेंपरेचर २८. अंडी घालून झाल्यावर नराला दोनेक तास द्या आणि मग स्लेट पाण्याबाहेर फार वेळ न ठेवता हलवा. एअर स्टोन अंड्यांच्या बाजूला, पाणी अंड्यांवरून फिरलं पाहिजे पण बुडबुडे थेट अंड्यांवर नकोत. मेथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) इतकं की पाणी निळं दिसेल पण पलीकडची अंडी मोजता येतील. हे मोठ्या टँकमध्ये कधीच टाकू नका, फिल्टरमधले कामाचे बॅक्टेरिया मारतं आणि काचेच्या जोडाचं सिलिकॉन कायमचं निळं होतं, माझा एक टँक अजून तसाच आहे. पिल्लं फुटली की रोज थोडं पाणी बदलत निळा रंग उतरवत न्यायचा. या काळात खायला काही द्यायचं नाही, पोटाला पिवळा बलक असतो त्यावर ती जगतात.

आणि इथे मला तुम्हाला एक उलट प्रश्न विचारायचाय. समजा पाचवी खेप वाचली असती, फुटली असती, आज दीडशे पिल्लं पोहत असती, तर त्यांना खायला काय घालणार होतात? तुमच्या अख्ख्या प्रश्नात पिल्लांच्या खाण्याचा उल्लेख नाही. माझ्या हातून जेवढी अंडी गेली त्याच्या कितीतरी पट पिल्लं पोहायला लागल्यावरच्या पहिल्या आठवड्यात गेलीयत, आणि जवळपास सगळी दोन कारणांनी, भुकेने किंवा खराब पाण्याने. अंडी जाताना दिसतात म्हणून माणूस त्यांच्यामागे लागतो, पिल्लं हळूहळू कमी होतात ते मोजणीत येत नाही.

अंडी घातल्यापासून साधारण सातव्या-आठव्या दिवशी पिल्लं पोहायला लागतात आणि त्याच दिवसापासून त्यांना खाणं लागतं. पावडर फूड, उकडलेल्या अंड्याचा बलक हे लोक सुचवतात, मी पण केलंय, थोडी जगतात पण पाणी दुसऱ्या दिवशी नासतं. खरं खाणं एकच, ताजा फुटलेला ब्राइन श्रिम्प, म्हणजे खाऱ्या पाण्यातला अगदी बारीक कोळंबीसारखा जीव. बाटलीत १ लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा ब्राइन श्रिम्पची अंडी, तळापासून जोरात हवा, वर उजेड, २८ डिग्री, आणि २४ तासांत नारिंगी ठिपके पोहायला लागतात. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, टरफलं वर तरंगतात, जिवंत श्रिम्प खाली उजेडाकडे गोळा होतात, ते नळीने ओढून बारीक फडक्यातून गाळा, गोड्या पाण्यात खळबळवा आणि द्या. टरफलं जाऊ देऊ नका, पिल्लांच्या पोटात अडकतात. फुटल्यापासून जितक्या लवकर द्याल तितकं त्यांच्यात सत्त्व जास्त, म्हणून एक मोठी बाटली लावण्यापेक्षा दोन छोट्या, बारा-बारा तासांच्या फरकाने. पहिली बाटली सहाव्या दिवशी लागली पाहिजे, पिल्लं पोहताना बघून श्रिम्पची अंडी शोधायला निघालात तर उशीर झाला.

दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की पोचलं. गोड्या पाण्यात श्रिम्प काही तासच जगतो, उरलेला मरून तळाशी बसतो आणि तिथून अमोनिया सुरू होतो, म्हणून रोज हवेच्या बारीक नळीने तळ ओढून काढायचा आणि तेवढंच, त्याच टेंपरेचरचं पाणी हळू परत भरायचं. "हळू" आणि "त्याच टेंपरेचरचं" हे दोन्ही मी एका पूर्ण खेपेची किंमत देऊन शिकलोय. तीन-चार आठवड्यांत पिल्लांना एंजलचा आकार येतो, इतका वेळ ती कुठल्याही माशाच्या पिल्लासारखीच दिसतात, आणि मग जागा एकदम कमी पडायला लागते.

जागेचं आधीच ठरवा. दीडशे एंजल सांभाळायला तुमचा ३ फुटी टँक महिन्या-दीड महिन्यानंतर पुरणार नाही. पहिल्यांदा ३०-४० वाढवायची तयारी ठेवा आणि बाकीच्यांच्या बाबतीत निसर्गाला हात देऊ द्या, आईबापांसोबत ठेवली तर ती गळती आपोआपच होते.

तुमच्या प्रश्नापुरता क्रम असा लावा: आधी सकर आणि कोरी दुसरीकडे, मग रात्रीचा दिवा आणि स्लेट, मग रिकाम्या वेळेत ब्राइन श्रिम्प दोनदा तरी फोडून बघा म्हणजे हात बसेल, आणि मग सहावी खेप येऊ द्या. परत अंडी गेली तर कितव्या दिवशी, कुठल्या रंगाची, रात्री लाइट होता का, एवढं लिहून ठेवा आणि फोटो टाका, त्यावरून पुढचं सांगता येईल.

आणि त्या फिल्टरच्या पाइपच्या तोंडाला आजच स्पंजचा तुकडा बांधा. अंडी त्याच पाइपवर घालतात म्हणताय ना, पिल्लं फुटून खाली पडली की आईबापांनी उचलायच्या आत फिल्टर ओढून घेईल, आणि तुम्ही परत एकदा एंजलनाच दोष द्याल.